जुन्या बाजारात मिळालेली जावानीज केरिस कशी ओळखावी : पात्याच्या बुडापासून सुरुवात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या जुन्या सामानाच्या एका दुकानात आपल्याला म्यानासह एक नागमोडी पाते मिळाले. त्याला 'मजापहित, 14वे शतक' (मजापहित हे जावाचे जुने राज्य) अशी चिठ्ठी बांधलेली होती. आपण मोजलेली लांबी मुठीशिवाय 36 सेंटीमीटर आहे आणि वळणे 12 आहेत. रंग काळपट असून त्यावर पांढुरके ठिपके दिसतात, मूठ किंचित सैल आहे आणि लाकडी म्यानाच्या खालच्या भागावर पितळेची नळी चढवलेली आहे. हे पाते अस्सल आहे का, किती जुने आहे आणि त्यावरचा गंज कसा काढावा, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत आणि सोबत सहा छायाचित्रे पाठवली आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायमची हातची जातात. गंज काढू नका. काचकागद, तारेची घासणी, पितांबरी, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही त्या पात्याला लावू नका. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका केरिसच्या, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या कट्यारीच्या, पात्यावर बारीक काचकागद चालवला होता, कारण आपल्याकडच्या तलवारी आणि कट्यारी जशा लखलखीत करून मांडतात तशीच तीही दिसावी, असे मला वाटले होते. पंधरा मिनिटांत पाते चमचमू लागले आणि त्यावरची सगळी नक्षी नाहीशी झाली. ते पाते पुढे जाणकाराकडून पुन्हा काळे करून घेतले, परंतु बुडाजवळच्या कोरीव कडांची जी धार मी घासून घालवली होती ती परत आली नाही. त्या कडांवरूनच पात्याची ओळख पटते, हे मला नंतर कळले.

आता मूळ मुद्दा. आपल्या हाती जे आहे ती जावा बेटावरची केरिस आहे, याबद्दल मला शंका नाही. वळणदार पाते पाहून आपल्या काही वाचकांना बिचव्याची आठवण होते, परंतु दोघांचा संबंध नाही. केरिसचे पाते बुडाशी एका बाजूला बाहेर पसरलेले, म्हणजे असमान असते, आणि तीच तिची पहिली खूण आहे. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडील मोरो लोकांची क्रिस हिच्यापेक्षा बरीच मोठी आणि जड असते. ती तलवारीसारखी वापरत आणि तिची मूठ धातूच्या पट्टीने पात्याला जखडलेली असते. बाली बेटावरची केरिसही जावाच्या केरिसपेक्षा सहसा लांब आणि भरदार असून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत घोटलेला असतो. जावाचे जुने पाते साधारण 33 ते 38 सेंटीमीटरचे, वजनाला हलके आणि स्पर्शाला थोडे खरखरीत लागते. आपले माप आणि छायाचित्रांतला पोत दोन्ही जावाकडेच बोट दाखवतात.

यापुढे जे लिहितो आहे त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही की पाते, साज आणि हकीगत या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीचे वय वेगळे असू शकते. जावात पात्याला नवे म्यान करणे, मूठ बदलणे, पितळेच्या जागी चांदीची नळी चढवणे हे पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. त्यामुळे दोनशे वर्षांच्या पात्याला साठ वर्षांचे म्यान असते, आणि सुंदर जुन्या म्यानात कालपरवा घडवलेले पातेही असते. दुकानातली चिठ्ठी ही हकीगत झाली. तिचा विचार सर्वांत शेवटी करायचा.

पाते वाचायला टोकापासून नव्हे, बुडापासून सुरुवात करावी. मुठीलगतचा चार बोटांचा भाग म्हणजे केरिसचा चेहरा होय. एम्पू, म्हणजे केरिस घडवणारा लोहार, आपले सगळे कसब तिथे ओततो. या भागात कोणते कोरीव अवयव आहेत आणि पात्याला किती वळणे आहेत, यावरून जी आकृती ठरते तिला जावात 'डापुर' म्हणतात, आणि प्रत्येक डापुरला नाव असते.

वळणांपासून पाहू. आपण 12 मोजली आहेत, परंतु केरिसची वळणे नेहमी विषम असतात. सरळ पाते नसेल तर 3, 5, 7, 9, 11, 13, आणि क्वचित त्याहून अधिक. सम आकडा आला म्हणजे मोजण्यात चूक झाली किंवा टोक झिजून अथवा मोडून एक वळण गेले. मोजताना बुडाकडून टोकाकडे जावे, आणि एकदा या कडेचा, एकदा त्या कडेचा असा प्रत्येक बाहेर आलेला फुगवटा आलटून पालटून धरावा. टोकाजवळचे शेवटचे वळण इतके हलके असते की नवख्या डोळ्याला ते सरळच वाटते. आपले तिसरे छायाचित्र मी मोठे करून तीनदा मोजले. वळणे 13 आहेत.

आता बुडाकडे या. पात्याची रुंद झालेली बाजू मागे आणि आखूड, जाड बाजू पुढे धरली, तर त्या जाड बाजूला 'गांदिक' म्हणतात. आपल्या पात्यावर गांदिकच्या वरच्या अंगाला हत्तीच्या सोंडेसारखा एक लहानसा वळलेला आकडा आहे. त्याला 'केंबांग काचांग', म्हणजे शेंगेच्या वेलाचे फूल, असे म्हणतात. त्याच्या खाली एक बारीक दात पुढे आलेला दिसतो, तो 'लांबे गाजाह', म्हणजे हत्तीचा ओठ. यातला गाजाह हा आपला गजच आहे. जावाच्या भाषेत संस्कृत शब्द असे जागोजागी भेटतात. गांदिकच्या मागे अंगठा टेकेल असा खळगा आहे, त्याच्यावर दोन समांतर खोल पन्हळी चढत गेल्या आहेत, ज्यांना 'सोगोकान' म्हणतात. मागच्या कडेला करवतीसारखे नाजूक दाते आहेत, त्यांचे नाव 'ग्रेनेंग'. या दात्यांत जावानीज लिपीतल्या 'ड' या अक्षराचा आकार साधलेला असतो आणि तो किती नेटका आहे यावरून लोहाराचा हात कळतो.

13 वळणे, आकडा, दोन्ही पन्हळी आणि मागचे दाते हे सारे एकत्र असले की समोर दोन नावे उभी राहतात: सेंकेलात आणि पारुंगसारी. जावाच्या लोककथांत सेंकेलात हे एम्पू सुपा यांनी मजापहितच्या काळी घडवलेल्या एका प्रसिद्ध केरिसचे नाव आहे. पुढे त्या आकृतीच्या सगळ्याच पात्यांना ते लागले. ही दोन्ही डापुर दिसायला जुळी आहेत. फरक त्या हत्तीच्या ओठाचा. तो दात एकच असेल तर सेंकेलात, दोन असतील तर पारुंगसारी. आपल्या पात्यावर मला एक दात स्पष्ट दिसतो, परंतु त्याच्या लगेच खाली, ज्वारीच्या दाण्याहून लहान, एक खडबडीत जागा आहे. तिथे दुसरा दात होता आणि तो झिजून गेला, की ते नुसते गंजाने खाल्लेले आहे, हे मला छायाचित्रावरून सांगता येत नाही. त्या जागेवर कोणी कानस किंवा काचकागद फिरवला असता, तर हा प्रश्न विचारताही आला नसता.

मुठीलगत पात्याखाली आडवी बसवलेली जी पट्टी दिसते ती 'गोंजो'. बहुतेक जावानीज केरिसमध्ये ती वेगळी घडवून पात्याच्या दांडीत ओवलेली असते. काहींत पाते आणि गोंजो एकाच लोखंडाचे असतात. वरून पाहिले तर तिचा आकार पालीसारखा असतो, आणि जावातही तिच्या भागांना पालीचे डोके, पालीचे पोट अशीच नावे आहेत. पाते उजेडाकडे धरून गोंजो आणि पाते यांच्या मधल्या रेषेतून प्रकाश येतो का ते पाहा. चांगल्या कामात ही फट केसाइतकीही नसते. जुन्या पात्यात गंजामुळे थोडी उघडते, परंतु दोन्ही तुकड्यांचे लोखंड एकाच रंगाचे, एकाच पोताचे राहते. आपल्या पाचव्या छायाचित्रात गोंजो पात्यापेक्षा थोडी अधिक काळी आणि कमी झिजलेली वाटते. ती नंतर बदललेली असू शकते. तसे असले तरी पात्याला कमीपणा येत नाही. एवढेच की आपल्या टिपणात ते नोंदवून ठेवावे.

मूठ सैल आहे याची काळजी नसावी. जावानीज केरिसची मूठ चिकटवलेली नसतेच. सहा-सात सेंटीमीटरच्या गोल दांडीवर, जिला 'पेसी' म्हणतात, कापडाची चिंधी किंवा दोरा गुंडाळून मूठ दाबून बसवतात. म्यान धरून, पात्याला हात न लावता, मूठ हळूहळू डावी-उजवीकडे फिरवली तर ती निघेल. राळ किंवा गोंद लावलेला आढळला, तर युरोपात आल्यावर कोणीतरी तो लावला असे समजावे आणि जोर करू नये. मूठ निघाली तर पेसीचे छायाचित्र जरूर काढा, कारण लपलेल्या भागाला कोणी नटवत नाही. ती गोल, हाताने घडवलेली, बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती असेल तर उत्तम. यंत्रावर कातल्यासारखी एकसारखी किंवा जोड दिलेली असेल तर विचार करावा लागेल.

पांढुरके ठिपके म्हणजे 'पामोर'. याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण जुने-नवे ठरवताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पात्याच्या गाभ्याला पोलादाची पट्टी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लोखंड व निकेलयुक्त धातू यांचे, पुन्हा पुन्हा दुमडून घणाने एकजीव केलेले थर असतात. कानसलेल्या पात्यावर ही नक्षी फारशी उठत नाही. ती उठवण्यासाठी 'वारांगान' लावतात, म्हणजे लिंबाच्या रसात कालवलेले सोमलवर्गी खनिज, आपल्या वैद्यकातल्या मनशीळ आणि हरताळ यांच्या जातकुळीतले. त्याने लोखंड काळे पडते आणि निकेलचे थर रुपेरी राहतात. निकेल कुठून येई, यालाही इतिहास आहे. सुलावेसीतल्या लुवू भागातला धातू जावात येत असे. प्रांबानान येथे पडलेल्या उल्केचा मोठा तुकडा 1797 मध्ये सुराकार्ताच्या राजवाड्यात नेण्यात आला आणि तिथल्या एम्पूंनी तो दरबारी केरिससाठी वापरला. प्रत्येक दुकानदार आपल्या केरिसमध्ये उल्केचे लोखंड असल्याचे सांगतो; प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्या पात्यावरची नक्षी 'वोस वुताह', म्हणजे सांडलेले तांदूळ, या प्रकारची आहे. हिच्यात ठिपके आणि वेटोळी पात्याच्या लांबीभर विखुरलेली असतात. जुन्या पात्यात हे रुपेरी थर बोटाला किंचित उठून लागतात, कारण भोवतीचे मऊ लोखंड वर्षानुवर्षांच्या धुण्याने खाली गेलेले असते. रंगही दुधाळ, थोडा मवाळ असतो. अलीकडच्या पात्यांत शुद्ध निकेलचा पत्रा वापरलेला असल्याने नक्षी पांढरीशुभ्र, कडक आणि जिथे तिथे सारखीच ठसठशीत दिसते. आपली नक्षी पहिल्या प्रकारची आहे, आणि मला त्या पात्यातली ती सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

जुने भासवलेले नवे पाते कसे ओळखावे, हेही सांगितले पाहिजे, कारण अशी पाती मोठ्या संख्येने फिरतात. मादुरा बेटावरच्या सुमेनेप भागात, विशेषतः आएंग तोंग-तोंग या गावात, आजही शेकडो लोहार केरिस घडवतात. त्यातले कित्येक उत्तम कारागीर आहेत आणि आपले काम नवे म्हणूनच विकतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. गडबड पुढच्या हातांत होते. नवे पाते तेजाबात बुडवून ठेवले की त्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात आणि अडाणी गिऱ्हाईक त्यालाच शतकांचा गंज समजते. परंतु तेजाब सगळीकडे सारखेच खाते. खरी झीज तशी नसते. ती कडांना जास्त आणि पन्हळींच्या तळाशी कमी असते, टोकाकडे जास्त आणि गोंजोखाली झाकलेल्या जागी कमी असते. धारेच्या रेषेत मऊ लोखंड मागे हटून मधले पोलाद बाहेर डोकावते. आपल्या चौथ्या छायाचित्रात, टोकापासून सुमारे आठ सेंटीमीटरवर, ही गडद रेषा मला स्पष्ट दिसते. तेजाबाने हा परिणाम इतक्या हळुवारपणे साधणे अवघड असते.

मग चिठ्ठीवरच्या 14व्या शतकाचे काय? जावात पात्याचा काळ आणि प्रांत यांच्या अंदाजाला 'तांग्गुह' म्हणतात: पाजाजारान, मजापहित, तुबान, माताराम, कार्तासुरा, सुराकार्ता, योग्याकार्ता इत्यादी. तांग्गुह या शब्दाचा अर्थच अंदाज असा आहे. लोखंडाचा रंग, हाताला लागणारा पोत, पात्याचा कल, गोंजोची ठेवण, गांदिकची उंची असे सारे पाहून जाणकार तो सांगतो, आणि दोन जाणकारांचे मत जुळेलच असे नाही. पात्यावर लोहाराची सही किंवा साल जवळजवळ कधीच नसते. म्हणूनच आम्स्टरडॅमच्या ट्रोपेनम्युझियममुळे प्रसिद्धीस आलेल्या, क्नाउड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केरिसचे एवढे अप्रूप आहे. तिच्यावर शके 1264, म्हणजे इ. स. 1342, असा काळ कोरलेला आहे. हा शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच. त्या तोडीचा पुरावा नसताना एखाद्या पात्याला शतक चिकटवणे धाडसाचे आहे. 'मजापहित केरिस' या नावाने आणखी एक घोटाळा होतो: मूठ आणि पाते एकाच लोखंडाचे, मुठीवर मानवाकृती असलेल्या लहानशा केरिसना बाजारात हे नाव आहे, परंतु त्या नैवेद्याबरोबर ठेवायच्या वस्तू आहेत, आणि आपले पाते तसे नाही.

माझे मत विचाराल, तर पाते मध्य जावाचे, 18व्या किंवा 19व्या शतकातले, हाताने घडवलेले आणि प्रत्यक्ष कोणीतरी बाळगलेले आहे. मजापहितच्या मानाने ते भरदार आहे, आणि बुडाजवळच्या अवयवांची झीज पाच-सहाशे वर्षांच्या मानाने फारच थोडी आहे. हे मत छायाचित्रांवरून दिलेले आहे. पाते हातात घेतल्यावर ते बदलू शकते.

साजाबद्दल थोडक्यात. म्यानाच्या वरचा लाकडी भाग टोकदार होडीसारखा नसून गोलसर आहे, म्हणजे तो रोजच्या वापराचा 'गायामान' प्रकार. समारंभासाठीचा लांब टोकांचा प्रकार सुराकार्तात 'लाद्रांग' आणि योग्याकार्तात 'ब्रांग्गाह' या नावाने ओळखतात. मूठ मध्य जावाच्या नेहमीच्या घाटाची, वर वाकलेली आणि आतल्या अंगाला दोन बारीक कोरीव मुखवट्यांची आहे. म्यानाच्या लाकडावरचे गडद डाग 'तिमोहो' लाकडाचे असावेत, ज्याला जावात फार मान आहे. पितळी नळी, म्हणजे 'पेंडोक', ठोकलेल्या नक्षीची असून ती 20व्या शतकाच्या पूर्वार्धातली वाटते. पाते म्यानात घालून पाहा: गोंजो वरच्या खाचेत चपखल बसत नसेल, तर म्यान दुसऱ्या पात्यासाठी केलेले होते असे समजावे.

आता हकीगत. दुकानदाराकडे पुन्हा जा आणि ही वस्तू कोणाच्या घरातून आली, सोबत काही कागद, आद्याक्षरे, लष्करी पुस्तिका, जुने छायाचित्र होते का, ते विचारा. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर हजारो कुटुंबे तिथून नेदरलँड्सला आली आणि त्यांच्या सामानात केरिस होत्या. कागदाची किंमत काय असते ते राजपुत्र दिपोनेगोरो यांच्या केरिसवरून कळते. 1825 ते 1830 या जावा युद्धाचे ते नेते. त्यांची केरिस 1831 मध्ये नेदरलँड्सचे राजे पहिले विलेम यांना भेट दिली गेली, राजघराण्याच्या संग्रहातून पुढे लायडेनच्या संग्रहालयात पोचली, आणि तिथे ती नेमकी कोणती हे ठामपणे सांगणे दीर्घकाळ जमले नाही. अखेर जुन्या पत्रव्यवहारावरून आणि चित्रकार रादेन सालेह यांच्या हस्ताक्षरातल्या टिपणावरून तिची ओळख पटवण्यात आली आणि मार्च 2020 मध्ये ती इंडोनेशियाला परत गेली.

असाच प्रश्न मला महाराष्ट्रातूनही येतो, आणि त्यामागे एक खरे कारण असू शकते. ऑक्टोबर 1945 मध्ये जावातल्या सुराबाया बंदरात उतरलेल्या 49व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन पलटणी होत्या. ज्यांच्या आजोबांनी तिथे नोकरी केली असेल, त्यांनी घरातली वळणदार कट्यार भंगारात देण्यापूर्वी आजोबांची सेवापुस्तिका शोधावी.

जपणुकीचे सांगायचे तर जावात सुरो महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, केरिस धुण्याची रीत आहे. नारळाच्या पाण्यात भिजवून, लिंबाच्या रसाने आणि 'लेराक' फळाने, जे आपल्या रिठ्याचेच भावंड आहे, ती स्वच्छ करतात आणि मगच वारांगान लावतात. हे घरी करू नका. सोमल हे विष आहे, आणि जुन्या पात्यावर त्याचा अंश शिल्लक असू शकतो, म्हणून पाते हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि ते मुलांपासून दूर ठेवा. तूर्त मऊ कापडाने धूळ पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवणे पुरेसे आहे. खोबरेल तेल नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. पाते दमट जागी असलेल्या म्यानात कायम कोंबून ठेवू नका.

मला आणखी तीन छायाचित्रे हवी आहेत: मूठ काढता आली तर पेसीचे, गोंजोचे वरून, आणि गांदिकवरच्या त्या खडबडीत जागेचे, खिडकीजवळ सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता. तिरप्या उजेडात मोडलेल्या दाताचा बुंधा सावली टाकतो आणि गंजाचा खड्डा सावली गिळतो. ते चित्र आले की सेंकेलात की पारुंगसारी, हे मी आपल्याला कळवेन.